वेल्समधली जुनी रांगेतली दगडी घरं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण वेल्सच्या खोऱ्यांमधल्या रुग्णालयांत किंवा कार्डिफ-स्वान्सीकडे नोकरीला आलेली मराठी कुटुंबं घर शोधायला लागली की परवडणाऱ्या यादीत हमखास रांगेतलं जुनं दगडी घर येतं. मी अशा घरांच्या दुरुस्तीचं काम करते, त्यामुळे विकत घेण्याआधीचे आणि घेतल्यानंतरचे असे दोन्ही प्रकारचे प्रश्न माझ्याकडे येतात. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कायद्याचे तपशील बदलत असतात, म्हणून काम सुरू करण्याआधी आपल्या काउन्सिलकडून खात्री करून घ्याच.

१. वेल्समध्ये जिकडे पाहावं तिकडे रांगेतली घरं दिसतात. एवढी का बांधली?

कामगारांसाठी, तीही घाईने. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मर्थर टिडफिल आणि ब्लायनॅव्हनला लोखंडाच्या भट्ट्या आल्या, त्यांच्याबरोबर पहिल्या रांगा आल्या. उत्तरेत स्लेटच्या खाणींभोवती वस्त्या झाल्या आणि मग कोळशाने सगळ्यांवर कडी केली. रोंदा खोऱ्यात १८५१ साली जेमतेम हजार माणसं होती, १९११ मध्ये ती दीड लाखावर गेली. खोरी अरुंद, सपाट जमीन नदीकाठी थोडीशीच, आणि तिथे खाण आणि रेल्वे आधीच बसलेली. मग घरांना जागा उरली ती डोंगरउतारावर. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्याबरोबर सामाईक ठेवल्या की दगड वाचतो, जागा वाचते आणि ऊबही टिकते. म्हणून या रांगा उताराला आडव्या, एकाच पातळीवरून वळत जातात.

२. आमचं घर कोणत्या काळातलं आहे, हे कसं ओळखायचं?

दर्शनी बाजू नंतर बदललेली असू शकते, त्यामुळे मागे जाऊन पाहा. छप्पर पुढच्या भिंतीवर उंच आणि मागे जमिनीजवळ उतरत आलेलं असेल, खिडक्या लहान असतील आणि खाली मुळात एकच मोठी खोली असेल, तर घर बहुधा लोखंडाच्या काळातलं आहे. मर्थरच्या ऱ्हिड-ई-कारची घरं अशीच आहेत. रिचर्ड क्रॉशे या कारखानदाराने ती १७९५च्या सुमारास बांधली. खाली राहती खोली, मागे उतरत्या छपराखाली झोपायची छोटी खोली आणि कोठीघर, वर आणखी एक खोली.

खाली दोन आणि वर दोन खोल्या ही त्यानंतरची मांडणी. १८७५च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर स्थानिक नियम कडक झाले. रस्ता रुंद झाला, मागे गल्ली आली, परसात संडास आणि कोळशाची खोली आली. पेनंट वाळूखडकाची भिंत आणि खिडक्या-दारांभोवती पिवळसर किंवा लाल विटांची किनार दिसली, तर घर बहुतेक कोळशाच्या भरभराटीतलं आहे. त्याला पुढच्या दारातून आत जाणारा बोळही असतो. उत्तरेच्या खाणकामगारांच्या जुन्या बैठ्या घरांत घराच्या एका टोकावर अर्धा माळा असतो, त्याला क्रॉगलॉफ्ट म्हणतात.

आणखी एक प्रकार गोंधळात टाकतो. तीव्र उतारावर दोन घरं एकावर एक बांधलेली असतात. खालच्याचं दार खालच्या रस्त्यावर, वरच्याचं वरच्या रस्त्यावर. असं घर घेताना तुमची मालकी नेमकी कुठे संपते हे वकिलाकडून लेखी घ्या.

३. मूळ रूपातली अशी घरं कुठे बघायला मिळतील?

कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्स संग्रहालयात. ऱ्हिड-ई-कारची सहा घरं दगड न् दगड सोडवून तिथे पुन्हा उभी केली आहेत आणि १९८७ पासून ती लोकांसाठी खुली आहेत. प्रत्येक घर वेगळ्या काळासारखं सजवलं आहे: १८०५, १८५५, १८९५, १९२५, १९५५ आणि १९८५. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलं की चुलीची जागा कशी बदलली, दिवे कसे आले, भिंतीवर काय चढत गेलं, हे क्रमाने दिसतं. घराला हात लावण्याआधी तिथे अर्धा दिवस घालवा. कुठल्याही अहवालापेक्षा तो जास्त शिकवून जातो.

वेळ असेल तर ब्लायनॅव्हनच्या भट्ट्यांशेजारचा स्टॅक स्क्वेअर, म्हणजे कामगारांच्या घरांचा चौक, बघा. हा सगळा परिसर २००० पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. रमनीजवळच्या ब्यूटटाउनच्या तीन रांगा १८०२ ते १८०४ मधल्या आहेत. कामगारांसाठी इतक्या नेटक्या प्रमाणात बांधलेली घरं त्या काळात फारच कमी होती.

४. ही घरं कंपनीनेच बांधली ना? मग आमच्या कागदपत्रांत जमिनीचा भाडेपट्टा कसा काय निघाला?

सुरुवातीची घरं कारखानदारांनी बांधली. कोळशाच्या काळात मात्र रोंदासारख्या भागात खूप घरं कामगारांच्याच बिल्डिंग क्लबांनी बांधली. आपल्या भिशीसारखंच होतं ते: दर महिन्याला ठरलेली वर्गणी आणि तयार झालेलं घर कोणाला हे चिठ्ठी काढून. पण खालची जमीन बड्या जमीनदारांची होती आणि ती बहुतेकदा ९९ वर्षांच्या पट्ट्याने मिळाली होती. १९६७च्या कायद्याने अशा घरमालकांना जमीन विकत घेण्याचा हक्क दिला आणि पुष्कळांनी ती घेतली. काही घरं मात्र अजून पट्ट्यावर आहेत. पट्ट्याची किती वर्षं उरली आहेत, हे पहिल्याच भेटीत विचारा.

५. आमचं घर सूचीबद्ध (लिस्टेड, म्हणजे संरक्षित वास्तूंच्या सरकारी यादीत) आहे, म्हणजे फक्त पुढची बाजू बदलायची नाही, बरोबर?

चूक. हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. श्रेणी एक असो, दोन-तारांकित असो की दोन, संरक्षण संपूर्ण घराला असतं. जिना, दारं, चुलीची चौकट, जुना गिलावा, तख्तपोशी, सगळं त्यात आलं. १ जुलै १९४८ आधीपासून आवारात असलेला परसातला संडास आणि कोळशाची खोलीसुद्धा बहुधा त्यात येते. नोंदीत आतल्या गोष्टींचा उल्लेख नसला तरी त्या संरक्षितच असतात.

घर यादीत आहे का, हे वेल्स सरकारच्या वारसा विभागाच्या, म्हणजे काडूच्या, ऑनलाइन नकाशावर दिसतं. परवानगीचा अर्ज मात्र काडूकडे करायचा नसतो. तो स्थानिक काउन्सिलकडे किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत असाल तर उद्यान प्राधिकरणाकडे करायचा. त्याला शुल्क नाही. घराचं महत्त्व काय आणि तुमच्या बदलाने त्यावर काय परिणाम होईल, हे सांगणारं निवेदन अर्जासोबत लागतं. परवानगीशिवाय काम करणं हा फौजदारी गुन्हा आहे.

६. यादीत नाही, पण संवर्धन क्षेत्रात (जुनं रूप जपण्यासाठी जाहीर केलेल्या भागात) आहे. मग?

मग आतल्या बदलांसाठी वारसा परवानगी लागत नाही, पण बाहेरच्या बऱ्याच बदलांवर मर्यादा येतात. छपरातून बाहेर काढलेली उभी खिडकी त्यातली एक. घर किंवा त्याचा मोठा भाग पाडायचा असेल तर वेल्समध्ये संवर्धन क्षेत्राची स्वतंत्र संमती लागते. इंग्लंडने ती २०१३ मध्ये रद्द केली, वेल्सने ठेवली. शिवाय काउन्सिलने कलम ४ चा आदेश काढलेला असेल, तर खिडक्या-दारं बदलायलाही नियोजन परवानगी लागू शकते. एकाच गावात एका रस्त्याला हा आदेश लागू असतो आणि शेजारच्या रस्त्याला नसतो. म्हणून चौकशी गावाच्या नावाने करू नका, घराच्या पत्त्याने करा.

७. लेस्टरचा मित्र म्हणतो, मागे सहा मीटरपर्यंत वाढवायला पूर्ण परवानगी लागत नाही. इथेही तसंच का?

नाही. सहा मीटरची ती वेगळी सवलत इंग्लंडची आहे. वेल्सचे नियम वेगळे आहेत आणि वारसा कायदाही आता स्वतंत्र आहे: २०२३चा कायदा, ४ नोव्हेंबर २०२४ पासून लागू. इंटरनेटवरचा बहुतेक सल्ला इंग्लंडसाठी लिहिलेला असतो, तो वाचताना हे लक्षात ठेवा.

सूचीबद्ध नसलेल्या आणि संवर्धन क्षेत्राबाहेरच्या रांगेतल्या घराला वेल्समध्ये परवानगीशिवाय पोटमाळा जास्तीत जास्त ४० घनमीटरने वाढवता येतो, तोही इतर अटी पाळून. आणि 'मूळ घर' म्हणजे १ जुलै १९४८ला होतं तेवढंच. त्यानंतर कोणी मागे न्हाणीघर किंवा स्वयंपाकघर जोडलं असेल, तर ते मागे वाढवण्याच्या तुमच्या वाट्यातून वजा होतं. या खोऱ्यांत असं जोडकाम जवळपास प्रत्येक घरामागे सापडतं.

८. खालच्या भिंतींना ओल आहे. कंपनीवाला म्हणतो रसायन टोचून घ्या. घ्यावं का?

आधी थांबा. सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आहे आणि सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तोही इथेच.

तुमची भिंत साधारण अर्धा मीटर जाड आहे. बाहेरून एक दगडी थर, आतून एक, मध्ये डबर आणि चुना. पाणी पूर्ण अडवण्यासाठी ती बांधलेलीच नाही. पावसात ती थोडं पाणी घेते आणि वारा सुटला की चुन्याच्या सांध्यांमधून ते सोडून देते. शंभर-दीडशे वर्षं तिने हे काम चोख केलं. नंतर कोणीतरी सांधे सिमेंटने भरले, वर खडीचा सिमेंट गिलावा चढवला, आत जिप्सम आणि प्लास्टिक रंग दिला. आता बारीक तड्यातून आत शिरलेल्या पाण्याला परतीची वाट नाही. ते आतल्या बाजूने डोकावतं, पोपडे सुटतात, लोणा लागतो.

अशा भिंतीत रसायनाचा सलग थर तयार होणं अवघड असतं, कारण टोचायला सलग आडवा सांधाच नसतो. मधल्या डबरात रसायन कुठे गेलं हे कोणी सांगू शकत नाही. वर त्याच कंपन्या बहुधा आतून सिमेंटचा पक्का गिलावा करून देतात. त्याने डाग काही वर्षं झाकला जातो आणि पाणी भिंतीतच राहतं.

त्याऐवजी भर पावसात छत्री घेऊन बाहेर उभं राहा आणि वरून खाली बघत या. धुराड्याच्या बुडाशी शिशाची पट्टी सुटली आहे का? पन्हळीच्या जोडातून पाणी भिंतीवर येतं का? पन्हळीचा उभा पाइप मागून फुटला आहे का? तिथली भिंत हिरवी दिसेल. मग जोत्यापाशी या. बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा उंच झाली आहे का? अंगणात फरशीवर फरशी टाकत गेल्याने ती हमखास उंचावलेली असते. डोंगराकडच्या बाजूला परस उतार कापून केलेलं असतं, तिथे पाणी आडवं येतं. भिंतीपासून माती मागे घेऊन खडीचा चर काढला आणि पाण्याला वाट करून दिली, तर निम्मी तक्रार मिटते.

नंतर सिमेंट काढा आणि चुना परत आणा (प्रश्न ९). आणि धीर धरा. एवढी जाड भिंत वाळायला एक उन्हाळा पुरत नाही. मधल्या काळात खिडक्या उघडा आणि घरात कपडे वाळत घालू नका. घरातल्या वाफेची ओलही पुष्कळदा भिंतीच्या माथी मारली जाते.

९. सिमेंट काढून चुना करायचा, म्हणजे नक्की काय करायचं?

सांध्यातला मसाला दगडापेक्षा मऊ असला पाहिजे, हा एकच नियम धरा. मसाला झिजला तर पुन्हा भरता येतो, दगड झिजला तर बदलावा लागतो. सिमेंट हातोडी-छिन्नीने काढायचं. ग्राइंडर फिरवला की दगडाच्या कडा जातात. चुना थंडीत गोठतो, म्हणून हे काम वसंत ते शरदाच्या सुरुवातीपर्यंतच करा, आणि ओली पोती लावून तो सावकाश सुकू द्या.

खडीचा गिलावा काढायचा असेल तर आधी मागच्या बाजूला हातभर तुकडा काढून बघा. खालच्या दगडाची कड त्याबरोबर उखडत असेल, तर तिथेच थांबा. पुष्कळ रांगांमध्ये पुढची भिंत घडीव दगडाची आणि मागची डबराची असते. मागच्या भिंतीला गिलावा मुळापासून असू शकतो, मग तिला चुन्याचाच गिलावा परत द्या. वाळूच्या फवाऱ्याने भिंत धुऊ देऊ नका. विटेची भाजलेली वरची कातडी एकदा गेली की वीट पाणी पिते.

१०. घर फार थंड आहे. बाहेरून इन्सुलेशन लावून घ्यावं का?

सरसकट नको. ब्रिजएंडजवळच्या कायराय गावात सरकारी योजनेतून २०१२-१३ मध्ये बऱ्याच घरांना बाहेरून इन्सुलेशन लावलं गेलं. काम नीट न झाल्याने घरांत ओल आणि बुरशी आली आणि नंतर ते काढून दुरुस्त करण्यासाठी सरकारला वेगळा पैसा द्यावा लागला. लोकांनी किती वर्षं सोसलं, ते वाईट आहे. शिवाय रांगेत एकाच घराने जाड आवरण चढवलं की पन्हळ, छपराची कड आणि शेजारच्या भिंतीचा जोड, तिन्ही ठिकाणी पाण्याला फट मिळते. दगडी दर्शनी भागही झाकला जातो.

आधी स्वस्त गोष्टी करा: पोटमाळ्यात लोकर, बंद धुराड्यात हवा खेळती ठेवून झडप, दारा-खिडक्यांच्या फटी, लाकडी जमिनीखाली इन्सुलेशन. पण जमिनीखालची हवेची जाळी बुजवू नका. मग ओल मिटल्यावर आतून लाकूडतंतूंचे पॅनेल आणि चुन्याचा गिलावा. ओल्या भिंतीवर काहीही चढवू नका. छपराच्या आतून फवारायचा फोम तर टाळाच. वासे दिसेनासे होतात आणि अनेक बँका अशा घराला कर्ज द्यायला तयार नसतात.

११. छप्पर गळतं. सगळी स्लेट बदलावी का?

बहुतेकदा स्लेट चांगली असते आणि खिळे गंजलेले असतात. कारागिराला एकेक स्लेट बोटाने वाजवून पाहायला सांगा. खणखणीत वाजली तर ती आणखी एक जन्म काढेल. नीट उतरवली तर बरीचशी परत वापरता येते. कमी पडेल तेवढी त्याच खाणीच्या रंगाची घ्या: पेनरिनची जांभळट, फेस्टिनिऑगची निळसर करडी. मापांची नावंही जुनीच चालतात. काउंटेस म्हणजे २० बाय १० इंच, डचेस म्हणजे २४ बाय १२. वरून सिमेंटचा थर फासून गळती थांबवतो म्हणणाऱ्याला परत पाठवा.

१२. लाकडी खिडक्या काढून प्लास्टिकच्या दुहेरी काचेच्या बसवल्या तर?

सूचीबद्ध घरात परवानगी लागेल आणि ती मिळणं कठीण. इतरत्र, कलम ४ चा आदेश नसेल तर (प्रश्न ६), कायदा चालू देईल, पण आधी सुताराला दाखवा. वर-खाली सरकणाऱ्या जुन्या खिडकीचा फक्त खालचा पाट सडलेला असतो, तेवढाच जोडता येतो. आतून दुसरं तावदान बसवलं तर थंडीही अडते आणि आवाजही. पूर्ण रांगेत एकाच घराची विभागणी वेगळी दिसली की सगळी रांग तुटलेली वाटते. मला हे मनापासून खुपतं.

१३. मधली भिंत आणि चुलीचा उंचवटा काढून मोठी खोली करायची आहे.

मधल्या भिंतीवर बहुधा वरच्या मजल्याच्या तुळया आणि जिना असतो. संरचना अभियंत्याचा हिशेब आणि इमारत नियमांची मंजुरी लागेल, घर यादीत असेल तर प्रश्न ५ प्रमाणे संमतीही. चुलीचा उंचवटा खाली कापून वरचं धुराडं तसंच लटकत ठेवणं धोक्याचं आहे. एकाच धुराड्यात शेजाऱ्याचीही नळी असते आणि तिच्यात अजून कोळसा जळत असू शकतो.

सामाईक भिंतीला हात लागत असेल तर १९९६चा पार्टी वॉल कायदा वेल्सलाही लागू आहे. भिंतीत तुळई घालण्यासारख्या कामाची नोटीस शेजाऱ्याला दोन महिने आधी द्यावी लागते, जवळच्या पायाखोदाईची एक महिना आधी. चौदा दिवसांत होकार आला नाही तर वाद समजला जातो आणि सर्व्हेयर नेमावा लागतो. नोटीस टाकण्याआधी स्वतः जाऊन चहा घ्या आणि नकाशा दाखवा.

१४. शेजारचं घरही घेतलं आहे. दोन्ही एक करता येतील?

काउन्सिलला विचारूनच, कारण एक घर कमी होतं आणि काही ठिकाणी त्यालाही परवानगी लागते. करायचंच असेल तर सामाईक भिंतीत एकच अरुंद दार पाडा, दोन्ही जिने आणि रस्त्याकडची दोन्ही दारं ठेवा. उद्या कोणाला पुन्हा दोन घरं करायची असतील तर ती करता आली पाहिजेत. भिंतीबाबत प्रश्न १३ लागू.

१५. आधीच्या मालकाने सूचीबद्ध घरात परवानगीशिवाय काम केलं होतं. आता जबाबदारी कोणाची?

गुन्हा काम करणाऱ्याचा. पण अंमलबजावणीची नोटीस सध्याच्या मालकाला येऊ शकते आणि सूचीबद्ध घरांत त्याला मुदतीची मर्यादा नाही. वीस वर्षांनीही ती येऊ शकते. म्हणून खरेदीआधी जुने अर्ज आणि प्रत्यक्ष घर ताडून पाहा. तफावत दिसली तर विक्रेत्यालाच ती मार्गी लावायला सांगा.

१६. वादळात धुराडं कललं. संमतीची वाट पाहत बसायचं का?

नाही. जीवाला धोका असेल तर आधार द्या, गरज असेल तेवढाच भाग उतरवा, आधी-नंतरचे फोटो काढा आणि काउन्सिलला लगेच लेखी कळवा. उतरवलेला प्रत्येक दगड जपून ठेवा. संधी साधून पूर्ण धुराडं काढलं तर हा बचाव टिकत नाही.

१७. अशा घराच्या कामावर व्हॅट कमी लागतो असं ऐकलं.

सूचीबद्ध घरातल्या बदलांवरची शून्य व्हॅटची सवलत १ ऑक्टोबर २०१२ला संपली. घर दोन वर्षं किंवा जास्त रिकामं असेल तर पात्र कामांवर ५ टक्के लागतो. रिकामं होतं याचा पुरावा काउन्सिलकडून आधीच घ्या.

१८. खाली खाण असेल तर?

कोळशाच्या पट्ट्यात खाण-अहवाल काढल्याशिवाय सही करू नका. जुने कूप, आडवी भुयारं, नुकसानभरपाईचे जुने दावे त्यात कळतात. ही नोंद ठेवणारी संस्था कोल अथॉरिटी या नावाने ओळखली जायची, नोव्हेंबर २०२४ पासून ती मायनिंग रेमेडिएशन अथॉरिटी आहे. जुन्या भिंतीतला प्रत्येक तडा खाणीमुळे नसतो. तड्यावर तारीख टाका, वर्षभर मोजा, मग घाबरायचं की नाही ते ठरवा.

१९. सगळी परवानगी मिळाली आणि पोटमाळ्यात वटवाघळं निघाली. आता?

काम तिथेच थांबवा. वटवाघळं आणि त्यांची राहण्याची जागा कायद्याने संरक्षित आहे, वटवाघळं त्या वेळी तिथे नसली तरी. तज्ज्ञाची पाहणी आणि नॅचरल रिसोर्सेस वेल्सचा परवाना लागतो. वारसा संमती असली तरी हा परवाना वेगळा घ्यावा लागतो. उन्हाळ्यातच नीट पाहणी होते, म्हणून छपराचं काम योजताना पाहणी आदल्या मे महिन्यापासूनच ठरवून ठेवा.